डिफरन्शियल इक्वेशनचे (डीईचे) फॉर्म्युले पाठ असूनही गणित का सुटत नाही, आणि त्यावर काय करायचं

तू विचारलंयस की डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलोय, एम-थ्रीला (इंजिनिअरिंग मॅथ्सच्या तिसऱ्या पेपरला) एलडीईचे, म्हणजे लिनिअर डिफरन्शियल इक्वेशनचे, सगळे फॉर्म्युले पाठ आहेत, वहीत सोडवलेलं गणित वाचलं की समजतं पण पेपरमध्ये समोर आलं की कुठला फॉर्म्युला लावायचा तेच सुचत नाही, इनसेमला (सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेला) ३० पैकी ७ पडले, तर सगळ्यांचं असंच होतं का, आणि मुळात ह्या सगळ्याचा पुढे उपयोग काय. मी पुण्यात बरीच वर्षं इंजिनिअरिंगच्या मुलांना एम-टू आणि एम-थ्री शिकवतेय आणि पेपरही तपासते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

हो, बहुतेकांचं असंच होतं. अगदी सीईटीला गणितात चांगले मार्क पडलेली मुलंसुद्धा एलडीईला येऊन अडखळतात. पण "डीई अवघड आहे" असं जे सगळे म्हणतात ना त्याच्या आत दोन वेगवेगळी दुखणी असतात आणि दोघांचं औषध वेगळं आहे, ते आधी समजून घे.

पहिलं दुखणं डीईचं नाहीच, ते मागून आलेलं आहे. उदाहरण म्हणून एम-टूचं एक साधं गणित घे: एक्स गुणिले डीवाय बाय डीएक्स अधिक २वाय बरोबर एक्स स्क्वेअर. लिनिअर आहे हे जवळपास सगळ्यांना ओळखता येतं. मग काहीजण थेट पी बरोबर २ घेतात, कारण वायच्या मागे २ दिसतोय, आणि इंटिग्रेटिंग फॅक्टर ई रेज टू २एक्स काढून पुढे पानभर चुकीचं लिहीत जातात. आधी सगळ्याला एक्सने भागून डीवाय बाय डीएक्स मोकळा करायचा असतो, मग पी येतो २ बाय एक्स. जे इथपर्यंत बरोबर येतात त्यातले निम्मे पुढच्याच ओळीत पडतात, ई रेज टू २ लॉग एक्स म्हणजे किती, तर लिहितात २एक्स. ते एक्स स्क्वेअर आहे. हा २ लॉगच्या आत घात म्हणून जातो हे अकरावीचं आहे, त्याचा डिफरन्शियल इक्वेशनशी काही संबंध नाही, पण मार्क गेले ते डीईच्या प्रश्नात गेले आणि मुलाच्या डोक्यात राहिलं की मला डीई जमत नाही.

तसंच त्या सी चं. डीवाय बाय डीएक्स बरोबर २वाय, इंटिग्रेट केलं, लॉग वाय बरोबर २एक्स, मग वाय बरोबर ई रेज टू २एक्स, आणि अरे कॉन्स्टंट राहिला की, म्हणून शेवटी चिकटवला अधिक सी. कॉन्स्टंट ज्या ओळीत इंटिग्रेट करतोस त्याच ओळीत आला पाहिजे, मग तो घातात जातो आणि बाहेर येताना गुणाकार होऊन येतो, म्हणजे सी गुणिले ई रेज टू २एक्स. शेवटी चिकटवलेला सी घेऊन उत्तर परत समीकरणात टाकून बघ, डावीकडे येतं २ई रेज टू २एक्स आणि उजवीकडे त्याशिवाय एक २सी जास्तीचा लोंबकळतो. दहा सेकंदात कळतं.

डिप्लोमावाल्यांचा प्रॉब्लेम इथे दुप्पट असतो आणि ह्यात तुझी काहीच चूक नाही. तुम्ही सेकंड इयरला येता तेव्हा बाकीच्यांची एम-वन, एम-टू झालेली असते, तुमची नाही. पॉलिटेक्निकला अप्लाइड मॅथ्समध्ये फर्स्ट ऑर्डरच्या डीई होतात थोड्या, पण त्यानंतर मोठी गॅप पडते आणि इथे पहिल्या आठवड्यात मॅडम फळ्यावर डी स्क्वेअर वजा ३डी अधिक २ (डी म्हणजे "डिफरन्शिएट कर" ह्याची खूण) लिहून मोकळ्या होतात. आठवड्याला तीन लेक्चर आणि एक ट्युटोरियल, त्यात सिलॅबस संपवायचा, मागचं घ्यायला कुणालाच वेळ नसतो. म्हणून तू एलडीईचं अजून एक गणित सोडवण्याआधी पार्शल फ्रॅक्शन, इंटिग्रेशन बाय पार्ट्स, ई आणि लॉगचे नियम आणि क्वाड्रॅटिकची कॉम्प्लेक्स रूट्स एवढं अकरावी-बारावीच्या पुस्तकांतून पक्कं कर. रोज तासभर दिलास तर दोन-तीन आठवड्यांचं काम आहे. कंटाळवाणं आहे पण ह्याला दुसरा रस्ता नाही, मी अनेकांकडून करून घेतलंय.

आता दुसरं दुखणं, जे तू स्वतः लिहिलंयस, की समजतं पण सुचत नाही. हे मात्र खरंच ह्या विषयाचं आहे आणि ह्यात आम्हा शिकवणाऱ्यांचा मोठा वाटा आहे. हा कोर्स शिकवलाच जातो टाइपच्या यादीसारखा. एम-टूला व्हेरिएबल सेपरेबल, होमोजिनियस, एक्झॅक्ट, रिड्युसिबल टू एक्झॅक्ट, लिनिअर, बर्नुली, आणि एम-थ्रीला आरएचएस (समीकरणाची उजवी बाजू) ई रेज टू एएक्स, आरएचएस साइन कॉस, आरएचएस पॉलिनॉमियल, मग कॉशी, मग लेजांद्र, मग सिमल्टेनियस. प्रत्येक टाइपची पाच गणितं, त्या त्या मथळ्याखाली. मथळा वर लिहिलेला असताना सगळ्यांनाच सुटतं रे. पेपरमध्ये मथळा नसतो.

त्यामुळे आधी टाइप ओळखायचा हा आग्रह जरा बाजूला ठेव आणि समीकरण वाचायला शीक. वाचायला म्हणजे काय ते कूलिंगच्या गणितावर दाखवते, हे बारावीलाही असतं आणि एम-टूलाही. खोलीचं तापमान ४० अंश, वस्तू ८० वरून ६० ला यायला २० मिनिटं लागली, तर ४० मिनिटांनी तापमान किती. मुलं काय करतात, डीटी बाय डीटी लिहितात (दोन्ही टीच, आणि मग स्वतःच घोळतात, म्हणून तापमानाला थीटा घ्यावं), के काढतात, लॉगच्या किमती कॅल्क्युलेटरवर काढतात, कुठेतरी अधिक-वजाचं चिन्ह चुकतं आणि उत्तर येतं ३८ वगैरे. आणि ते ३८ अंडरलाइन करून, चौकट करून लिहिलेलं असतं. ४० अंशाच्या खोलीत ठेवलेली वस्तू आपोआप ३८ ला कशी जाईल?

समीकरण म्हणतंय काय ते बघ. तापमान कमी होण्याचा वेग हा वस्तू आणि खोली यांच्यातल्या फरकाच्या प्रमाणात. म्हणजे महत्त्वाचा आकडा ८० नाहीच, फरक महत्त्वाचा, तो आहे ४०. तो २० मिनिटांत २० झाला, म्हणजे अर्धा झाला. फरक स्वतःच्याच प्रमाणात कमी होतोय म्हणजे दर २० मिनिटांनी अर्धा होणार, पुढच्या २० मिनिटांत १०, म्हणून तापमान ५०. झालं. लॉग नाही, के नाही. पेपरात अर्थात पूर्ण पद्धत लिहायलाच हवी, मार्क पायऱ्यांना असतात, पण उत्तर ४० आणि ६० च्या मध्ये कुठेतरी असणार हे पेन उचलायच्या आधी माहीत असलं की ३८ लिहायला हात धजावणार नाही. इलेक्ट्रिकलच्या मुलांना मी आरएल सर्किटला (रेझिस्टन्स आर, कॉइल एल, व्होल्टेज ई) हेच सांगते, करंट स्थिर झाला म्हणजे डीआय बाय डीटी शून्य, तो ठेवून बघ, राहिलं ई बाय आर, तिथे तुझं उत्तर जाऊन थांबलंच पाहिजे. सुरुवातीला आय शून्य ठेव, चढ मिळतो ई बाय एल. म्हणजे आलेखाची दोन्ही टोकं सोडवायच्या आधीच हातात आली.

अमेरिकेतल्या एमआयटीचा १८.०३ हा डीईचा कोर्स नेटवर फुकट आहे, त्याचं पहिलंच लेक्चर डिरेक्शन फील्डवर आहे, म्हणजे समीकरण सोडवण्याआधी प्रत्येक बिंदूवर चढ किती ते छोट्या रेघांनी काढायचं आणि त्यातून वक्र कसे वाहतात ते बघायचं. आपल्याकडे हे जवळपास शिकवलंच जात नाही कारण त्यावर प्रश्न येत नाही. तू मोबाईलवर जिओजेब्रा टाकून स्लोपफील्डची कमांड वापरून एका संध्याकाळी बघून घे, त्या एका संध्याकाळीत जे कळेल ते दहा गणितांत कळत नाही असं माझं ठाम मत आहे.

आणि ती परत टाकून बघायची सवय. बारावीवाली मुलं सीईटीला काय करतात बघ, डीईचा प्रश्न आला आणि सुचलं नाही तर चारही ऑप्शन डिफरन्शिएट करून समीकरणात घालून बघायचे, जो बसेल तो उत्तर. तीच मुलं इंजिनिअरिंगला आली की ही सवय पार विसरतात. गणितात अशी जागा फार कमी ठिकाणी मिळते जिथे उत्तर बरोबर की चूक हे कुणालाही न विचारता स्वतःला पक्कं कळतं, आणि डीई ही ती जागा आहे. इंटिग्रेट करणं अवघड, डिफरन्शिएट करणं सोपं, आणि तपासायला फक्त सोपं तेवढंच लागतं.

आता तुझं मुख्य, एलडीई. पीआय (पर्टिक्युलर इंटिग्रल, उत्तराचा आरएचएसमुळे येणारा भाग) कुठल्या पद्धतीने काढायचा हे शंभर टक्के आरएचएसवरून ठरतं. ई रेज टू एएक्स, साइन-कॉस, पॉलिनॉमियल, किंवा ह्यांचे गुणाकार, एवढ्यांनाच शॉर्टकट चालतो. बाकी काहीही दिसलं, सेक एक्स, टॅन एक्स, १ बाय १ अधिक ई रेज टू एक्स, तर शॉर्टकटचा विचारही करायचा नाही, जनरल मेथड किंवा व्हेरिएशन ऑफ पॅरामीटर्स. ते आपल्याकडचं आवडतं गणित, डी स्क्वेअर अधिक ३डी अधिक २ आणि आरएचएसला ई रेज टू ई रेज टू एक्स, त्याला बघून मुलं घाबरतात. जनरल मेथडने एक-एक फॅक्टर घे, पहिल्या इंटिग्रेशनमध्ये आत ई रेज टू एक्स गुणिले ते प्रकरण येतं, ई रेज टू एक्सला टी धर, दोन ओळींत संपतं, दुसऱ्या फॅक्टरला परत तेच. उत्तर ई रेज टू वजा २एक्स गुणिले ई रेज टू ई रेज टू एक्स. दिसायला भयंकर आणि करायला सगळ्यात सोपं.

पण सगळ्यात जास्त मार्क जातात ते केस ऑफ फेल्युअरला, आणि माझ्या मते अख्ख्या एलडीईत सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे, म्हणून इथे थांबते. डी स्क्वेअर वजा ३डी अधिक २ आणि आरएचएस ई रेज टू २एक्स. डीच्या जागी २ ठेवलास, ४ वजा ६ अधिक २, शून्य. भागाकार शून्याने, फॉर्म्युला बंद. वहीत लिहिलेलं असतं, अशा वेळी वर एक्सने गुणा आणि खाली डिफरन्शिएट करा, म्हणजे खाली २डी वजा ३, त्यात २ ठेवून १, म्हणून पीआय एक्स गुणिले ई रेज टू २एक्स. मुलं हे पाठ करतात. का, ते कुणी विचारत नाही.

सीएफ (कॉम्प्लिमेंटरी फंक्शन, आरएचएस शून्य धरून येणारं उत्तर) आधी लिही आणि मग आरएचएसकडे बघ. सीएफमध्ये रूट १ आणि २, म्हणजे ई रेज टू २एक्स तिथे आधीच बसलेलं आहे. सीएफची व्याख्याच ही की डावीकडे टाकलं की शून्य येतं. मग ई रेज टू २एक्सला कितीही मोठ्या आकड्याने गुणून टाकलंस तरी शून्यच येणार, त्यातून आरएचएस कधीच मिळणार नाही. म्हणून काहीतरी नवीन लागतं, आणि ते नवीन म्हणजे एक्स. टाकून बघ, एक्स ई रेज टू २एक्सचं पहिलं डेरिव्हेटिव्ह ई रेज टू २एक्स गुणिले कंसात १ अधिक २एक्स, दुसरं ई रेज टू २एक्स गुणिले कंसात ४ अधिक ४एक्स. आता कंसातली बेरीज कर: ४ अधिक ४एक्स, वजा ३, वजा ६एक्स, अधिक २एक्स. एक्सवाले सगळे कटले, राहिला १. हे एकदा स्वतःच्या हाताने केलंस की तो फॉर्म्युला पाठ करायची गरजच उरत नाही, पेपरात सीएफ लिहिल्याबरोबर तुला दिसेल की इथे एक्स येणार, रूट दोनदा असेल तर एक्स स्क्वेअर येणार.

आणि हाच एक्स तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, उपयोग काय. डी स्क्वेअर अधिक ४, आरएचएस साइन २एक्स. स्प्रिंगला टांगलेलं वजन, घर्षण नाही, त्याची स्वतःची फ्रीक्वेन्सी २, आणि बाहेरून ढकलणाराही २ च्याच फ्रीक्वेन्सीने ढकलतोय. परत फेल्युअर, पीआय येतो वजा एक्स बाय ४ कॉस २एक्स. एक्सच्या जागी वेळ समज आणि वाच, हेलकावा वेळेबरोबर वाढतच चाललाय. हा रेझोनन्स. वहीत ज्याला केस ऑफ फेल्युअर म्हणतात ते मशीन डिझाईन करणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची केस असते, कारण तिथे मशीन तुटतं.

डॅम्पिंग, म्हणजे हेलकावा विरवणारं घर्षण, आलं की डीची टर्म येते. डी स्क्वेअर अधिक २डी अधिक ५, रूट वजा १ अधिक-वजा २आय, म्हणजे हेलकावे येणार पण विरत जाणार. डी स्क्वेअर अधिक ६डी अधिक ५, रूट वजा १ आणि वजा ५, हेलकावा नाहीच, हळूहळू जागेवर. गाडीचे शॉकअप गेले की स्पीडब्रेकरनंतर गाडी तीन-चार वेळा वरखाली होत राहते ना, ती मधली डीची टर्म लहान झालेली असते. स्प्रिंग तीच, वजन तेच.

इथे एक सांगायलाच हवं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला टॅकोमा नॅरोज पूल १ जुलै १९४० ला सुरू झाला आणि ७ नोव्हेंबर १९४० ला वाऱ्याने पिळवटून पडला, त्याची फिल्म आहे, आणि वर्गावर्गांत ती रेझोनन्स म्हणून दाखवतात. ते बरोबर नाही. वारा काही पुलाच्या फ्रीक्वेन्सीला मोजूनमापून ढकलत नव्हता, तो सलग वाहत होता, ताशी साधारण ६५ किलोमीटरने. पुलाच्या पिळण्यामुळेच वाऱ्याचा जोर असा बदलत होता की प्रत्येक पिळीला वाऱ्याकडून ऊर्जा मिळत गेली. समीकरणाच्या भाषेत डॅम्पिंगच्या टर्मचं चिन्हच उलटं झालं. आता रूट वाच, रिअल पार्ट पॉझिटिव्ह, म्हणजे हेलकावा ई च्या घाताने वाढणार, बाहेरून साइन २एक्स असलं कुणी ढकलायची गरजच नाही. दोन्हीत हेलकावे वाढतात पण कारणं वेगळी आणि उपायही वेगळे, आणि हा फरक ज्याला सीएफ आणि पीआय वेगळे वाचता येतात त्यालाच दिसतो. मला ह्या विषयाचं जे प्रेम आहे ते अशा गोष्टींमुळे आहे.

सिमल्टेनियसचं, म्हणजे एकत्र सोडवायच्या अनेक समीकरणांचं, पण एक आपल्या जवळचं उदाहरण देते. साथ कशी पसरते आणि कशी ओसरते ह्याचं जे मॉडेल कोविडमध्ये सगळीकडे वापरलं गेलं, लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि त्यातून बाहेर पडलेले असे तीन गट आणि त्यांची तीन समीकरणं, ते केर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांच्या १९२७ च्या पेपरातून आलंय, आणि त्या पेपरात त्यांनी आपलं गणित ताडून बघितलं ते मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्यूंच्या आकड्यांवर. ती समीकरणं नॉनलिनिअर आहेत, सीएफ-पीआयने सुटत नाहीत, म्हणून पुढे न्युमेरिकल मेथड्समध्ये ऑयलर आणि रुंगे-कुट्टा शिकवतात. ती प्रकरणं जोडलेली आहेत हे सांगायचं राहून जातं इतकंच.

इनसेम गेली आता एलडीई संपलं असं मात्र समजू नकोस. तुझ्या २०१९ पॅटर्नच्या अभ्यासक्रमात एलडीई इनसेमच्या ३० मध्ये येतं आणि मग एन्डसेमच्या (सेमिस्टरच्या शेवटच्या परीक्षेच्या) ७० मध्ये दुसरी युनिट्स असतात म्हणून मुलं ते कायमचं सोडून देतात, आणि पुढे मेकॅनिकलला व्हायब्रेशन, इलेक्ट्रिकल आणि ईएनटीसीला (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमला) नेटवर्क आणि कंट्रोल सिस्टिम आलं की परत तेच रूट, तेच रिअल पार्ट, फक्त तिथे त्याला पोल म्हणतात. गेटला (एमटेकच्या प्रवेश परीक्षेला) पण बहुतेक ब्रांचना इंजिनिअरिंग मॅथ्सचे १३ मार्क आहेत आणि त्यातल्या बऱ्याच ब्रांचना डीई सिलॅबसमध्ये आहे.

सरावाचं म्हणशील तर मागच्या पाच-सहा पेपरांमधली डीईची गणितं मथळ्याशिवाय एका कागदावर उतरवून काढ, सगळी मिसळून. पहिल्या दिवशी एकही सोडवू नकोस, प्रत्येकासमोर फक्त एवढंच लिही की सीएफ काय, आरएचएस सीएफमध्ये आहे का, कुठली पद्धत आणि उत्तर वाढणारं की विरणारं. हे पाऊण तासात होतं. मग रोज त्यातली चार सोडव आणि प्रत्येक उत्तर परत टाकून तपास, ह्या शेवटच्या गोष्टीला बिलकुल फाटा देऊ नकोस. आणि इनसेमची उत्तरपत्रिका बघायला मिळाली तर नुसते मार्क मोजू नकोस, प्रत्येक चुकलेल्या ठिकाणी लिही की इथे लॉग-घात चुकलं, इथे इंटिग्रेशन चुकलं, की इथे पद्धतच चुकीची निवडली. बहुतेकांच्या पेपरात पहिल्या दोन प्रकारच्या चुकाच जास्त निघतात, तुझंही तसंच असेल तर अकरावी-बारावीची पुस्तकं आधी उघड, एलडीई नंतर. ब्रांच कुठली ते लिहिलं नाहीयेस, ती कळव, म्हणजे मेकॅनिकल असेल तर स्प्रिंगची आणि इलेक्ट्रिकल असेल तर सर्किटची कुठली गणितं आधी करायची ते सांगते.